चौकशीत मी बेकरी म्हणालो

आमच्यात स्थळ जमण्याआधी चौकशी करतात. मुलाकडचे मुलीच्या गावातला एखादा जुना माणूस गाठतात, त्याच्याकडे चहा पितात, इकडच्या तिकडच्या गोष्टी करतात आणि मग हळूच विचारतात, घर कसं आहे. तो माणूस काय बोलतो त्यावर पुढचं ठरतं. रियाधमध्ये आमच्या गावचा सगळ्यात जुना माणूस मी. इथल्या बत्हा बाजारात एका गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. पहिला कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो अरब मालक, वारला, त्याचा मुलगा आता माझा कफील आहे, आणि तो मला काढत नाही कारण त्याच्या बापाचे पायघोळ अरबी झगे मी शिवलेत. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही पावसाळा सोडून. पण बँकेतली माणसं, कॉम्प्युटरवाली माणसं माझ्या लाकडी बाकावर बसतात आणि विचारतात, चाचा, तुमचं काय मत. मला ते आवडतं. खोटं कशाला सांगू.

चौकशीत विचारलं तेवढंच सांगायचं, पण सांगायचं ते खरं, हा नियम मीच स्वतःला घालून घेतला होता. एका मुलाबद्दल विचारायला आले तेव्हा तो क्रिकेटवर सट्टा लावतो हे मी तोंडावर सांगितलं. स्थळ मोडलं. त्याचा मामा अजून मशिदीत मला बघितलं की दुसरी रांग धरतो. धरू दे म्हणतो मी.

गेल्या हिवाळ्यात जुम्म्याच्या नमाजानंतर एक गृहस्थ दुकानात आले. रायगडच्या किनाऱ्यावरचे, इथे बँकेत वरच्या हुद्द्यावर. त्यांचा मुलगा आणि आमच्या गावची एक मुलगी एकाच कंपनीत कामाला, दोघांची एकमेकांना पसंती. मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. शाळेचा पहिला गणवेश मी शिवून दिला होता तिला, आणि तो लांब झाला म्हणून ती माझ्या दुकानात बसून रडली होती.

गृहस्थ नीट बोलणारे होते. चहा घेतला.

"मुलीचे वडील शांत वाटतात," ते म्हणाले.

"शेजाऱ्याला त्यांचा आवाज माहीत नाही."

"आणि आई?"

"रागीट. पण हाताने सढळ. तुमच्या घरी डबा आला तर रिकामा डबा परत मागणार नाही."

ते हसले. पेला खाली ठेवला. "मुलीचे आजोबापण इथेच होते म्हणे."

"होते."

"काय करायचे?"

मशीनवर एक झगा अर्धा शिवून पडला होता. मी उगाच त्याची बाही सरळ केली.

"बेकरीत होते."

"बेकरीत."

"हो. इथेच मागच्या गल्लीत."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि उठले. मी खजुराचा डबा पुढे केला, तो घेतला नाही. शुगर आहे म्हणाले.

आता तो माणूस कोण होता ते सांगतो. बेकरीत तो होता हे खोटं नाही. आमच्या गावचे आम्ही काही जण एकाच खोलीत राहायचो, तेव्हा तो पहाटे उठून रोट्या भाजायला जायचा आणि अंगाला पिठाचा वास घेऊन परत यायचा. या देशात दारूला बंदी. सापडली तर तुरुंग, तेव्हा फटकेही होते. तरी पिणारे होते. भिंतीआडच्या वसाहतीत राहणारे गोरे इंजिनियर होते, वाळवंटातल्या कॅम्पात बायको-पोरांपासून लांब पडलेले मजूर होते. बेकरीत यीस्ट होतं, साखर होती, आणि याच्याकडे डोकं होतं. पहिली दारू त्याने बेकरीच्या मागच्या खोलीत काढली. इथे त्या दारूला सिद्दीकी म्हणतात, म्हणजे माझा मित्र. थोड्याच दिवसांत त्याने बेकरी सोडली आणि आम्ही त्याला शेट म्हणायला लागलो.

पुढे पूर्वेच्या किनाऱ्यावर कतीफच्या बाजूला एका अरबाच्या नावावर त्याने खजुराची वाडी घेतली. माल तिथे निघायचा आणि मासळीच्या गाडीतून रियाधला यायचा, वर बर्फ, बर्फावर मासळी. रस्त्यावरचा शिपाई दार उघडायचा, नाक धरायचा आणि म्हणायचा, यल्ला, म्हणजे चला निघा. पश्चिमेला यान्बूला कारखाने उभे राहिले तेव्हा त्याचा माल तिकडच्या समुद्रापर्यंत गेला. तो स्वतः थेंब घ्यायचा नाही. पाच वेळा नमाज. रमजानचा महिना धंदा बंद, आणि त्या महिन्यात त्याच्या खर्चाने आमच्या सगळ्यांचा इफ्तार. त्याचे झगे मी शिवायचो. पांढरेशुभ्र, गळपट्टी ताठ हवी. माप देताना श्वास रोखून पोट आत घ्यायचा आणि मी म्हणायचो, "शेट, सोडा श्वास, नाहीतर जेवल्यावर फाटेल." तो म्हणायचा, "तू शिव रे, मी जेवणार नाही."

असा हसरा माणूस. आणि याच माणसाने दुसऱ्या एका दारूवाल्याच्या गाडीत बाटल्या ठेवून पोलिसांना स्वतः फोन केला. तो दारूवाला आत गेला तो बाहेर आलेला मी पाहिला नाही. आपल्याच एका पोराने माल चोरून विकला तर त्याची बोटं दरवाज्यात धरून दरवाजा लावला. त्या पोराला मी नंतर दुकानात पाहिलं, बटण लावता येत नव्हतं म्हणून झग्याला हूक लावून दे म्हणाला. मी हूक लावून दिले. का, कसं, काही विचारलं नाही. आम्ही कोणीच विचारत नव्हतो. त्याच्या पैशाने गावाच्या विहिरीवर पंप बसला, मशिदीला नवे पत्रे आले. जमातीच्या बैठकीत कोणी विचारलं की हे कुणाकडून, तर उत्तर मिळायचं, सौदीवाल्यांकडून. सगळे मान हलवायचे.

आमच्या खोलीत एक प्लंबर होता, गावचाच, माझ्याबरोबर विमानात बसून आलेला. ईदच्या दिवसांत माल कमी पडला म्हणून शेटने कुठल्या तरी कारखान्याचं स्पिरिट आणून त्यात मिसळलं. प्लंबरने ते घेतलं. सकाळी मी चहा करत होतो तेव्हा तो अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "दिवा लाव ना, केवढा अंधार आहे." खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडत होतं.

तो परत पाहू शकला नाही. दुसऱ्या खोलीतले दोघे तर उठलेच नाहीत. पुढे शेट पकडला गेला, फटके खाल्ले, तुरुंगात राहिला आणि शेवटी त्याला गावी पाठवून दिलं. गावी तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि लोक त्याच्याकडे भांडणं सोडवायला जायचे. मेला तेव्हा मी रजेवर होतो. अख्खा गाव मातीला आला. आंधळा प्लंबर मला म्हणाला, मला ने. मी त्याला हात धरून कबरीपाशी नेलं, त्याने मूठभर माती टाकली आणि विचारलं, "किती माणसं आलीत?"

"खूप."

"माझ्या वेळी एवढी येतील काय रे?"

मी त्याच्या हातावरची माती पुसली.

आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं शेटचा जुना फोटो टाकतात, लांबलचक गाडीला टेकून उभा, डोळ्यांवर काळा चष्मा. खाली लिहितात, आपल्या गावचा किंग. पोरांनी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. त्या फोटोला मीही एकदा अंगठा दिला आहे. गळपट्टी माझ्या हातची होती.

मग मी बेकरी का म्हणालो? मुलीसाठी म्हणालो असं मी स्वतःला सांगितलं. पण नुसतं तेवढं नव्हतं. तेव्हाच्या कफीलने माझा पासपोर्ट दाबून ठेवला होता आणि गावाहून निरोप आला की आईचं काही खरं नाही. मी रडलो, पाया पडलो, कफील ऐकेना. शेटला कळलं. संध्याकाळी तो स्वतः कफीलकडे गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा हातात पासपोर्ट, वर तिकीट. मी पोचलो तेव्हा आई होती. तिच्या तोंडात पाणी मी घातलं. ती मला ओळखून गेली. ज्या हाताने त्या पोराची बोटं दरवाज्यात धरली त्याच हाताने मला आईपर्यंत पोचवलं होतं, आणि मी ते घेतलं होतं. म्हणून कोणी शेटबद्दल विचारलं की माझी जीभ आपोआप त्याच्या बाजूला वळते. त्या दिवशीही वळली. प्लंबरचे डोळे, ते दोघे, ती बोटं, सगळ्यावर मी एक शब्द पांघरला आणि वर चहा प्यायलो.

खरं तर पहिले दोन दिवस मी खूशच होतो. वाटलं, पोरीचं घर वाचवलं.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली. ऑफिसातून सरळ आली होती, गळ्यात कार्ड तसंच.

"चाचा, आपने बेकरी बोला?"

"मराठीत बोल, बाय."

"बेकरी का बोललात?"

"तुझ्यासाठी."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, बस आधी. ती बसली नाही. म्हणाली, "मी त्याला सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं. आजोबा काय करायचे, जेल, फटके, ते आंधळे चाचा, सगळं. त्याने घरी सांगितलं. तुमच्याकडे येण्याआधीच त्याच्या पप्पांना माहीत होतं."

"मग मला कशाला विचारलं?"

"तुम्ही काय सांगता ते बघायला. ते म्हणाले होते, गावचा माणूस तेच बोलला तर माझं काही म्हणणं नाही. आता ते म्हणतात, मुलगी एक बोलते आणि गाव दुसरंच बोलतं. त्यांना वाटतंय आम्ही तुम्हाला पढवलं. आणि हे लपवायला पढवलं तर अजून काय काय लपवलं असेल. माझ्या पप्पांना त्यांचा फोन आला होता. पप्पा ऑफिसातून घरी आले ते नुसते बसून आहेत."

चूक माझी होती, ते तिथेच कळलं. पण तोंडाला आधी राग आला, आणि तो त्या गृहस्थांचा. मला तपासायला आला होता? माझ्या बाकावर बसून, माझा चहा पिऊन? चौथी शिकलेल्या माणसाची परीक्षा घेतो?

"तुम्ही जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली. "आम्ही पढवलं नव्हतं एवढंच."

"मी कुणाच्या दारात जात नाही. लोक माझ्याकडे येतात."

तिने पर्स खांद्यावर घेतली. "ठीक आहे. मग बसा. शादी मोडली की तुमच्या बेकरीतून नानकटाई मागवते, वाटू सगळ्यांना."

ती गेली आणि मी कात्री उचलली. त्या दिवशी एका गिऱ्हाईकाचं कापड मी आखूड कापलं.

तरी मी गेलो नाही. हे सांगायला लाज वाटते, पण आठवडाभर गेलो नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज कुठलं तरी काम काढायचो. मुलीचा बाप मशिदीत दिसला. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त सलाम केला आणि चपला घालून निघून गेला. शेटचा मुलगा तो, लहानपणापासून बापाच्या नावाने टोमणे खात मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला, आणि सरळ राहता राहता त्याचा आवाजच गेला. त्याच्या मुलीने न लाजता खरं सांगितलं होतं. आणि मी, ज्याला काही धोका नव्हता, मी लपवलं.

शेवटी मी गावी फोन लावला. प्लंबर अजून आहे. त्याचा नातू फोन त्याच्या कानाला लावून देतो. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, चांगलं केलंस, पोरीचा काय दोष.

त्याने नातवाला फोन नीट धरायला सांगितला. मग म्हणाला, "बेकरी?"

"हो."

"मग मी काय पाव खाऊन आंधळा झालो?"

आणि हसायला लागला. तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि नातवाने फोन काढून घेतला. मी फोन हातात धरून तसाच बसलो. तो चिडला असता तर मी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि शहराच्या उत्तरेला त्या गृहस्थांच्या घरी गेलो. नवीन मेट्रोने गेलो, चुकीच्या स्टेशनावर उतरलो, एका पोराला विचारत विचारत पोचलो. लिफ्ट, गुळगुळीत फरशी. दार त्यांनीच उघडलं. आश्चर्य दाखवलं नाही. मला आत बसवलं, त्यांच्या बायकोने चहा आणला.

मी म्हणालो, "मी खोटं बोललो. मला कोणी पढवलं नव्हतं. मुलीकडच्यांना माहीतही नव्हतं तुम्ही येणार."

"मग का बोललात?"

मग मी सगळं सांगितलं. दारू, वाडी, मासळीची गाडी, दरवाज्यातली बोटं, ते दोघे, प्लंबर. पासपोर्टचंही सांगितलं, आईचंही. माझा चहा थंड झाला. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"हे पासपोर्टचं मुलगी बोलली नव्हती," ते म्हणाले.

"तिला माहीत नाही. कुणालाच सांगितलं नाही."

त्यांनी कप बाजूला ठेवला. "चाचा, तो माणूस दारूवाला होता म्हणून मला काही अडचण नव्हती. तो गेला, त्याचं तो बघेल. तुमचं नाव मी इथे आल्यापासून ऐकतोय. सट्टेवाल्या मुलाचं स्थळ तुम्ही मोडलंत, तो आमच्याच नात्यातला. म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो."

मी फरशीकडे बघत होतो.

"मुलगी बोलली ते खरं ठरलं," ते म्हणाले. "लग्न होईल. माझ्या मुलाने मला आधीच सांगून ठेवलंय की तो ऐकणार नाही, पण तो मुद्दा वेगळा." त्यांची बायको दारातून हसली. "एकच सांगतो, राग धरू नका. निकाहला गवाह म्हणून मुलीच्या वडिलांनी तुमचं नाव दिलं होतं. ते तेवढं मी बदलायला सांगणार आहे."

निकाहला दोन गवाह लागतात, आणि ज्याच्या शब्दावर भरवसा आहे असा माणूस घेतात. आमच्या गावचे जितके निकाह रियाधमध्ये झाले त्यांत एक सही माझी आहे. वाकडी आहे, पण आहे. जन्मभर मी कशाचा माज केला असेल तर त्या सहीचा.

"बदला," मी म्हणालो.

त्यांनी मला स्टेशनपर्यंत गाडीने सोडलं. मी नको म्हणत होतो.

निकाह शहराबाहेर एका इस्तिराहात झाला, म्हणजे भाड्याने मिळणारा बाग-बंगला, लोक तिथे कार्यं करतात. गालिचे अंथरले होते, मुलं गवतावर धावत होती आणि आयांना इंग्रजीत उत्तरं देत होती. मुलीचा बाप दारात उभा राहून प्रत्येकाला आत घेत होता. मला पाहून त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या धरण्यात माफी होती की नुसती रीत, मला अजून कळलेलं नाही. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो.

मौलवीसाहेबांनी गवाहांना पुढे बोलावलं. दोन तरुण उठले, दोघेही कॉम्प्युटरवाले, एकाच्या अंगावर माझ्याच हातचा कुर्ता. आमच्या गावचा एक माणूस माझ्या शेजारी बसला होता, त्याने मला कोपर मारलं.

"चाचा, तुम्ही नाही? पोरांना कुठे पाठवलंत?"

"गुडघे दुखतात," मी म्हणालो. "सारखं उठबस नाही होत."

"मग तेल लावा," तो म्हणाला आणि पुढे बघायला लागला.

गुडघ्यांना माझ्या काही झालेलं नाही. पुढे मुलाने कबूल म्हटलं, लोकांनी हात वर केले, आणि दुआ मागता मागता मला कळलं की मी आत्ता काय बोललो. त्या माणसाला परत कोपर मारून खरं सांगावं असं वाटलं. पण तोवर तो उठून मुलाला मिठी मारायला गेला होता.